एमजीबीत मोठं इंजिन बसवायचंय? आधी आरसी बुक उघडा

मामाची १९६३ची एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची दोन सीटची स्पोर्ट्स कार, माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात एमजीबीचं इंजिन नव्हतंच, अँबेसेडरचं होतं. ऐंशीच्या दशकात हे सर्रास चालायचं. मूळ इंजिन निकामी झालं की बाहेरून पार्ट आणायचे म्हणजे इम्पोर्टची भानगड, ड्युटी, कोणाचा तरी भाऊ जहाजावर आहे का बघा, आणि इकडे अँबेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन कुठेही मिळायचं, वर ते एमजीबीच्याच बी-सिरीज नावाच्या ब्रिटिश इंजिन घराण्यातलं, त्यामुळे थोडी ठोकाठोकी केली की बसायचं. मामानेही तेच केलं. त्यात चूक काहीच नाही, गाडी भंगारात गेली नाही ती त्यामुळेच. पण समोर एमजीचा अष्टकोनी बिल्ला आणि सायलेन्सरमधून कलकत्त्याच्या टॅक्सीचा आवाज, असं ते ध्यान होतं. घाटात मागून आलेली वॅगनआर हॉर्न देऊन पुढे जायची.

मी तिच्यात १७९८ सीसीचं इंजिन बसवलं, म्हणजे कंपनीने मुळात जे दिलं होतं तेच. दोन पावसाळे गेले. त्यातलं खरं पान्याचं काम चार-पाच शनिवार-रविवारचं होतं, बाकी सगळा वेळ कागद, शोधाशोध आणि माझ्या स्वतःच्या चुका निस्तरण्यात गेला. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय. तुमच्याकडे एमजीबी नसून दुसरी कुठली जुनी टू-सीटर असेल तरी पहिला, चौथा आणि शेवटचा मुद्दा वाचाच.

१. पाना उचलायच्या आधी आरसी बुक उघडा

हे सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही हेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने गाडीला जे स्पेसिफिकेशन दिलंय त्याच्याशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे हेराल्डसारख्या जुन्या छोट्या गाडीत काँटेसा गाडीचं १८१७ सीसीचं इसुझू इंजिन कोंबायचं, किंवा यूट्यूबवर बघून आठ सिलिंडरचं व्ही-८ टाकायचं, हे आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीला बसत नाही. गॅरेजवाला "हो जाएगा साहब, सेटिंग है" म्हणेल. अपघात झाला आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर बोनेट उघडून उभा राहिला की सेटिंगवाला फोन उचलत नाही.

म्हणून आपल्या मॉडेलला कंपनीने कितीचं इंजिन दिलं होतं ते आधी शोधा. कायद्याने तुम्हाला तेवढ्यापर्यंतच जाता येतं. माझ्या आरसी बुकात मूळ नोंद १७९८ची होती, तिच्यावर १९८४ मध्ये निळ्या शाईने काट मारून १४८९ आणि नवीन इंजिन नंबर लिहिलेला, बाजूला सही-शिक्का. म्हणजे माझं मोठं इंजिन खरं तर मूळ पदावर परत येणं होतं, आणि आरटीओत माझं काम झालं ते निव्वळ या एका गोष्टीमुळे.

मूळ स्पेसिफिकेशनचा पुरावा कुठून आणायचा? ब्रिटिश गाड्यांसाठी इंग्लंडात गेडनला ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट आहे. चेसिस नंबर दिला की फी घेऊन ते कारखान्याच्या रेकॉर्डवरून सर्टिफिकेट देतात, त्यात गाडी कधी बनली, मूळ इंजिन नंबर, रंग, कुठे पाठवली हे असतं. सुरुवातीच्या एमजीबी टूररचा चेसिस नंबर जीएचएन३ ने सुरू होतो, तो आरसीवर नीट उतरलाय का तेही बघा, जुन्या कारकुनांनी एचचा एन केलेला असतो. सर्टिफिकेटमधून मला आणखी एक कळलं, आमची लालभडक गाडी मुळात आयरिस ब्लू होती. आईला सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या मामाला निळा रंग कधीच आवडला नाही."

अजून एक. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. म्हणजे उगाच भलतं इंजिन टाकलंत तर ती वाटही बंद. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही हेही लक्षात ठेवा. मी अजून ती केलेली नाही, मला रविवारी सकाळी भाजी आणायलाही हीच गाडी लागते.

२. कुठलं इंजिन ते ठरवा, आणि "बोअर मारून देतो" ला भुलू नका

अँबेसेडर आली मॉरिस ऑक्सफर्डमधून, आणि तिचं १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्हचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ हे सख्खे भाऊ. दोघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, एकच, ८८.९ मिलिमीटर. फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात, अँबेसेडरचा ७३ मिलिमीटरच्या आसपास आणि एमजीबीचा ८०.२६. यावरून कुठलाही हुशार मेकॅनिक तुम्हाला सांगणार की साहेब नवीन इंजिन कशाला, याच ब्लॉकला बोअर मारू, मोठे पिस्टन टाकू, झालं १८००. मलाही सांगितलं होतं आणि दोन दिवस मला ते पटलंही होतं. सात मिलिमीटर वाढवायला त्या ब्लॉकच्या भिंतीत मालच नाही, बोअर मारणारा बार सरळ सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जागेत घुसेल. मोठा बोअर मावावा म्हणून १७९८ च्या ओतीव ब्लॉकमध्येच एक-दोन आणि तीन-चार नंबरचे सिलिंडर एकमेकांना चिकटवलेत, त्यांच्यामध्ये पाणी जातच नाही. ती ओतकामाची गोष्ट आहे, लेथवर होत नाही.

आता १७९८ मध्येही दोन प्रकार. १९६४ च्या ऑक्टोबरपर्यंतच्या १८जी आणि १८जीए इंजिनांत क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टला, तीन मेन बेअरिंग, त्यानंतरच्या १८जीबीपासून पाच. पाचवालं जास्त दणकट, वाद नाही. पण त्याची मागची प्लेट, फ्लायव्हील, क्रँकची फ्लँज सगळं वेगळं, आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं नाक क्रँकमधल्या ज्या बुशमध्ये बसतं तेही मोजून बघावं लागतं. गाडीत जुना गिअरबॉक्स असेल तर तीनवालं शोधा. पाचवालंच मिळालं तर प्लेट, फ्लायव्हील, क्लच आणि जमल्यास गिअरबॉक्ससकट अख्खा सेट उचला. नुसतं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलंत तर पुढचे सहा महिने प्लेट शोधण्यात जातील. माझ्या गाडीत मामाने मूळ गिअरबॉक्स तसाच ठेवला होता, त्यामुळे मी १८जीए घेतलं.

३. शोध

चोर बाजार, कुर्ल्याची भंगार गोदामं, ऑपेरा हाऊसची स्पेअरची दुकानं, सगळीकडे फिरा, पण बोअर मोजायला खिशात व्हर्नियर कॅलिपर ठेवा. कुर्ल्याला एका शेडमध्ये मला "एमजी का ओरिजनल" म्हणून एक इंजिन दाखवलं, वर खरंच एमजीचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं सगळ्यात वरचं झाकण, ठेवलेलं. हेड आधीच काढलेलं होतं, मी वाकून व्हर्नियर लावला, ७३. मालक म्हणाला तुमचा व्हर्नियर खराब आहे. शेजारी पडलेल्या बेअरिंगवर लावून दाखवला, तो बरोबर आला, मग तो म्हणाला चाय पिओगे? टॅपेट कव्हर दहा मिनिटांत बदलता येतं, बोअर बदलता येत नाही. हेड लावलेलं असेल आणि मालक खोलू देत नसेल तर निघून या.

इंग्लंडातून वापरलेलं इंजिन मागवू, असं डोक्यात असेल तर थांबा. सेकंडहँड माल, भांडवली यंत्रं सोडून, आपल्याकडे आयातीसाठी प्रतिबंधित यादीत आहे, त्याला डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो. परवान्याशिवाय आलेलं इंजिन कस्टम्सच्या गोदामात अडकतं आणि दिवसागणिक भाडं चढतं. नवीन पार्टची गोष्ट वेगळी. पिस्टन, बेअरिंग शेल, पॅकिंगचा सेट, टायमिंग चेन हे नवीन मागवता येतं, ड्युटी भरली की घरपोच. म्हणून ब्लॉक, क्रँक आणि हेड देशातच शोधायचं आणि आतला माल नवीन मागवायचा, हा मार्ग.

मला इंजिन पुण्यात मिळालं. एका घरी एमजीबीची बॉडी गंजून जमिनीला लागली होती, आरसी रीतसर रद्द केलेली, आणि इंजिन पंचवीस वर्षं गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली. आजोबांनी प्लगच्या भोकांतून दरवर्षी दिवाळीला थोडं तेल सोडलं होतं. असा विक्रेता मिळायला नशीब लागतं.

४. कागद, आणि ती पत्र्याची पट्टी

इंजिन ताब्यात घेतानाच हे घ्या, नंतर कोणी देत नाही:

- इंजिन नंबर लिहिलेलं विक्रीचं बिल किंवा स्टॅम्प पेपरवर विक्रीपत्र, विक्रेत्याच्या ओळखपत्राच्या प्रतीसह
- ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या रद्द झालेल्या आरसीची प्रत
- तुमची आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आधार, पॅन
- हेरिटेज सर्टिफिकेट
- इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट आणि फोटो, फोटोत नंबर आणि ब्लॉक दोन्ही दिसायला हवेत
- मॅन्युअलमधलं सीसी, बोअर, स्ट्रोक लिहिलेलं पान

मग आरटीओत इंजिन बदलण्यासाठी आधी परवानगीचा अर्ज. आधी, म्हणजे इंजिन गाडीत जायच्या आधी. परवानगी न घेता बदललंच असेल तर १४ दिवसांत आरसीसकट कळवायचं असं कायदा म्हणतो, पण त्या वाटेने जाऊ नका, आधीच गेलात तर समोरचा साहेब तुमच्याकडे प्रामाणिक माणूस म्हणून बघतो. एजंट घेतलात तरी पहिल्या खेपेला स्वतः जा, कारण १९६३ ची गाडी, जीएचएन३, १८जीए हे एजंटला समजावून सांगण्यापेक्षा आपणच सांगणं सोपं.

आता पट्टी. एमजीबीचा इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला नसतो, ब्लॉकच्या वरच्या कडेला रिव्हेटने बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या छोट्या पट्टीवर असतो. बोटभर लांब. माझी इथे फजिती झाली. ब्लॉक साफ करायला मशीन शॉपमध्ये दिला, तिथे ब्लॉक गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उकळतात, तेलकट थर साबणासारखा सुटून येतो. कॉस्टिक लोखंडाला काही करत नाही, अॅल्युमिनियम मात्र खाऊन टाकतं. पोरगा चेनने ब्लॉक खाली सोडत होता, मी कटिंग चहा पीत उभा, आणि टाकीतून बारीक फेस यायला लागला तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओरडलो. ब्लॉक वर घेतला, पाणी मारलं, तोवर पट्टीचा एक कोपरा पांढराफटक आणि शेवटचा आकडा पुसट. मशीन शॉपचा दोष नाही, मी सांगायलाच हवं होतं. तर ब्लॉक टाकीत जायच्या आधी पट्टीचे फोटो, व्हिडिओ, पेन्सिल प्रिंट घ्या, रिव्हेट जपून ड्रिल करून पट्टी काढा आणि पाकिटात घालून घरी ठेवा.

५. हत्यारं

- इंची पाने, ७/१६, १/२, ९/१६, ५/८. नागदेवी स्ट्रीटला अजून मिळतात
- टॉर्क पाना, फिलर गेज, व्हर्नियर
- एक टनाची चेन पुली आणि ती टांगायला खरोखर मजबूत गर्डर
- गाडी टेकवायच्या घोड्या चार, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही
- ऑइल प्रेशर तपासायला गाडीतला मीटर चालू आहे याची खात्री

मेट्रिक पान्यांनी काम भागवू नका. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटवर बसतो असं वाटतं, अर्धा इंच म्हणजे १२.७, आणि मग घट्ट नट आला की कोपरे गोल. माझ्या गाडीवरचे निम्मे नट आधीच्या तीस वर्षांत असेच गोल झाले होते.

६. मशीन शॉप

इथे घाई करू नका, पैसेही वाचवू नका. क्रँक मोजून १० किंवा २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड, त्या मापाचे शेल, बोअर ओव्हरसाइज पिस्टनच्या मापाला. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारायला देऊ नका, कारण बोअर त्या पिस्टनला मोजून मारायचा असतो. हेड फेसिंग करताना कमीत कमी काढायला सांगा.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्या. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली, शिसं सीटला उशीसारखं काम करायचं, २००० सालापासून आपल्याकडे ते बंद झालं. मऊ सीट हळूहळू आत बसत जाते, टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट, संपतो आणि एक दिवस कॉम्प्रेशन जातं.

७. जुनं काढणं

दोन माणसं आणि एक रविवार. सीटमागच्या बॅटऱ्या सोडा, त्या दोन सहा व्होल्टच्या असतात. बोनेट काढताना जपा, या जुन्या एमजीबींचं बोनेट अॅल्युमिनियमचं आहे, हलकं लागतं म्हणून एकटा उचलायला जाल आणि कोपऱ्यावर टेकवलंत की पोचा पडतो. आमच्या बोनेटला पडलाय. पाणी, तेल काढा, रेडिएटर आणि त्याची चौकट बाहेर. प्रोपेलर शाफ्ट, स्पीडो केबल, गिअरचा दांडा. क्लचचा खालचा सिलिंडर पाइप न सोडता बाजूला लटकवा, हवा काढायचा त्रास वाचतो. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच काढायचं, त्यासाठी गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर सोडावा लागतो. मागचं टोक खाली झुकतं तेव्हा गिअरबॉक्सचं तेल मागून सांडतं, तिथे प्लॅस्टिकची पिशवी रबर बँडने बांधा नाहीतर सोसायटीच्या पार्किंगच्या लाद्या तुम्हीच पुसाल.

सगळं बाहेर आलं की पुढचा क्रॉसमेंबर आणि माउंटिंगच्या जागा बघा. अँबेसेडरचं इंजिन बसवताना कोणीतरी वेल्डिंग केलेलं असणारच. आमच्यात डाव्या बाजूला चक्क अँगलचा तुकडा जोडला होता, त्यावर हात फिरवला तर तडा. तो कापून मूळ माप परत आणायला एक अख्खा शनिवार गेला. मुंबईची खारी हवा आणि पावसाळे खाल्लेली गाडी असेल तर पायाखालचे पत्रेही आत्ताच टोचून बघा, इंजिन आत गेल्यावर हात पोचत नाही.

८. नवीन बसवणं

क्रँकच्या टोकातला बुश नवीन टाका. क्लच प्लेट मध्यावर आणायला क्लच अलायनिंगचा दांडा वापरा, नसेल तर लेथवाल्याकडून लाकडाचा करून घ्या. रिलीज बेअरिंग कार्बनचं असतं, घासून पातळ झालं असेल तर बदला, दिसायला ठीक आहे म्हणून ठेवू नका, ते बदलायला सगळं परत बाहेर काढावं लागतं.

हेडचे नट क्रमाने, तीन फेऱ्यांत, शेवटी ५० पाउंड-फूट. मधून बाहेर. आमचे उस्ताद चाळीस वर्षं हाताच्या अंदाजाने कसतायत आणि त्यांचा हात खरंच चांगला आहे, पण त्यांनी कसलेले अकरा नट मी टॉर्क पान्याने तपासले तर तीन सैल निघाले. त्यांनी पाना हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "अच्छी चीज है." टॅपेट गॅप थंड इंजिनावर १५ थाऊ.

इंजिन आत सोडताना टोक वर आणि शेपूट खाली, साधारण ४५ अंशात. एकाने चेन धरायची, एकाने फक्त बघायचं, बघणाऱ्याने काम करायचं नाही. ब्रेकचे पाइप चेंगरतात ते इथेच.

९. पेट्रोल, पाणी, वीज

माझ्या जुन्या इंजिनावर ब्लॉकला लावलेला मेकॅनिकल पेट्रोल पंप आणि एकच सोलेक्स कार्बोरेटर होता. एमजीबीच्या ब्लॉकवर तो पंप येत नाही, मागे एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप लागतो आणि पुढे एसयू एचएस४ कार्बोरेटरची जोडी. पंपाची वायर कोणी कापून टेप मारून ठेवलीय का शोधा. रबरी पाइप सगळे नवीन आणि इथेनॉल सोसणारे घ्या, आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) येतं आणि जुनं रबर त्यात चिकट होऊन आतून सुटतं. ते तुकडे कार्बोरेटरच्या नीडलमध्ये अडकले की ओव्हरफ्लो, आणि खाली गरम एक्झॉस्ट. गाडीत छोटा फायर एक्स्टिंग्विशर ठेवा.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. "बंबई में क्या जरूरत" हे ऐकायला मिळेलच. तो काढला की इंजिन लवकर गरम होत नाही, थंडच चालत राहतं आणि जास्त झिजतं. गरम हवेसाठी ७४ डिग्रीचा येतो, तो लावा. रेडिएटर उघडून रॉडिंग, म्हणजे आतल्या नळ्या सळईने साफ, करून घ्या, आणि पंख्यासमोरची फट स्पंजने बंद करा म्हणजे हवा जाळीतूनच जाईल. मी हे केल्यावर सायनच्या सिग्नललाही काटा मध्यावर राहतो.

वीज. १९६७ पर्यंतची एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. आजचा इलेक्ट्रिशियन डोळे मिटून मायनस बॉडीला लावणार. बॅटरीच्या झाकणावर लाल रंगाने लिहून ठेवा. मी लिहिलं नव्हतं, आणि नवीन घेतलेला इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा एका सेकंदात गेला, साधा वासही नीट आला नाही.

आणि ब्रेक! पन्नासेक हॉर्सपॉवरची गाडी आता पंच्याण्णवची झाली. पुढे डिस्क आहेत पण कॅलिपर, होस, मास्टर सिलिंडर नवीन केल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

१०. पहिलं स्टार्ट

सव्वाचार लिटर २०डब्ल्यू-५० तेल. प्लग काढा, कॉइलची वायर काढा, आणि मीटरवर ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून मारा. माझं प्रेशर चाळीस सेकंद आलं नाही, ती चाळीस सेकंदं फार मोठी असतात. मग प्लग लावा, ठिणगीचं टायमिंग, इंजिन बंद असताना, पिस्टन वर पोचायच्या १० डिग्री आधी लावा, आणि चालू झालं की आयडलवर सोडू नका. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) नवीन असेल तर वीस मिनिटं २,००० आरपीएमच्या वर ठेवा, आयडलवर कॅमला तेल पुरत नाही आणि पहिल्याच दिवशी त्याचे उंचवटे घासतात. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. गरम झाल्यावर चालताना प्रेशर ५० ते ८० पीएसआयमध्ये हवं.

पाचेकशे किलोमीटर हळू चालवा, मग तेल बदला, हेडचे नट परत आवळा, टॅपेट परत बघा.

११. तपासणी, इन्शुरन्स आणि जुनं इंजिन

तपासणीला इन्स्पेक्टर साहेबांनी नेमकं त्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही तर रिव्हेटची पट्टी आहे, उद्या दुसरी लावाल. आणि हा शेवटचा आकडा काय आहे, तीन का आठ?" प्रश्न रास्त होता. फाइलमधून टाकीत जायच्या आधीचा फोटो काढला, योगायोगाने पुण्यातच काढलेला, मग त्या गाडीची रद्द झालेली आरसी, तिच्यावर तोच नंबर, शेवटी आठ. मॅन्युअलचं पान, हेरिटेज सर्टिफिकेट. त्यांनी एकेक कागद बघितला, मग बोनेटखाली बराच वेळ नुसतं बघत राहिले आणि हळूच विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" दुसऱ्या खेपेला काम झालं. आरसीवर परत १७९८.

नोंद झाली की इन्शुरन्स कंपनीला लगेच लेखी कळवा. थर्ड पार्टीचा हप्ता १,५०० सीसीच्या वर वेगळ्या टप्प्यात जातो, १४८९ आणि १७९८ बरोब्बर त्या रेषेच्या दोन बाजूंना. थोडे पैसे जास्त जातात, ते वाचवायला गप्प बसू नका.

आणि जुनं इंजिन भंगारवाल्याला लगेच देऊ नका. आरसीवर तोवर त्याचा नंबर असतो, पहिल्या खेपेला मला विचारलंच की ते कुठे आहे, आणि मी पार्किंगमधला फोटो दाखवू शकलो. विकाल तेव्हा नंबर घालून बिल करा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, उद्या ते कुठल्या भलत्या गाडीत सापडलं तर पहिला फोन तुम्हाला येणार. माझं अजून जिन्याखाली गोणपाटात आहे, दिवाळीला प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडतो, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं तिसरं पत्र कालच आलंय.